बाराचे पाच करताना वाजलेले बारा

शिरपूरहून नानांचा फोन आला तेव्हा घटस्थापनेला चार दिवस राहिले होते. नानांचं ठिबकचं दुकान आहे. लॅटरल (पिकाच्या ओळींतून पाणी नेणारी बारीक नळी), ड्रिपर, फिल्टर, पीव्हीसी पाइप, केळी-कपाशीवाल्याला लागतं ते सगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते आणि ठिबकच्या सामानावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता. नाना म्हणाले, "ताई, फक्त बाराना पाच करना शेतस. पाच मिनिटनं काम."

त्या पाच मिनिटांच्या कामाला मला तीन दिवस लागले. नानांना ते अजून पटलेलं नाही आणि त्यात त्यांची चूकही नाही. बाहेरून बघणाऱ्याला एकच आकडा दिसतो. म्हणून हे लिहायला घेतलं: नीट चालणारं सॉफ्टवेअर बदलायला गेलं की का अडतं, अडणाऱ्या जागा कशा हुडकायच्या आणि दुकान बंद न ठेवता त्या कशा दुरुस्त करायच्या. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी हरकत नाही, बिल वाचता आलं म्हणजे पुरे.

एक्केचाळीस बारा

नानांचं बिलाचं सॉफ्टवेअर व्हॅटच्या काळात कोणीतरी लिहिलं. लिहिणारा पुण्याला नोकरीला गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी त्यावर ठिगळ लावलं. मग आणखी एकाचा हात फिरला आणि २०१९ मध्ये ते माझ्याकडे आलं. बिल छापतं, उधारी सांभाळतं, महिन्याच्या शेवटी जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रासाठी, तक्ता काढून देतं. तक्रार अशी काही नव्हती.

मी सगळ्या कोडमध्ये १२ हा आकडा शोधला. ४१ जागी सापडला. त्यातले काही बारा कराचे होते, जे मला हवे होते. काही बारा वर्षाच्या महिन्यांचे निघाले, कारण उधारीवरचं वार्षिक व्याज बाराने भागून महिन्याचं काढलं होतं. काही बारा लॅटरलच्या मापाचे होते. लॅटरल १२, १६, २० मिलिमीटरमध्ये येते हे ठिबकवाल्यांना सांगायला नको. दोन बारा बिलाच्या छपाईत बसले होते, वस्तूच्या कोडसाठी बारा अक्षरांची जागा सोडायला. आणि काही तर १२.५ मधले होते, म्हणजे २०१७ सालीच संपलेल्या व्हॅटचा दर.

याच्या उलट, जे बदलायला हवं होतं ते सगळं या ४१ मध्ये नव्हतंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विक्री झाली की कर निम्मा केंद्राचा (सीजीएसटी) आणि निम्मा राज्याचा (एसजीएसटी). त्यामुळे अनेक ठिकाणी १२ ऐवजी ०.०६ लिहिलेलं. बारा शोधून सहा कसा सापडणार?

"सगळीकडे शोधा आणि बदला" हे बटण दाबलं असतं तर वर्षाचे महिने पाच झाले असते, उधारीचं व्याज जवळपास अडीचपट झालं असतं आणि १२ मिलिमीटरची लॅटरल ५ मिलिमीटरची होऊन बसली असती. घाबरून फक्त बिलापुरतंच बदललं असतं तर? समजा दहा हजारांचं ठिबक विकलं. नव्या दराने बिल १०,५०० चं निघालं. पण महिन्याचा तक्ता काढणारी फाइल करासकट रकमेला १.१२ ने भागून मूळ किंमत काढते. तिथे मूळ किंमत निघाली ९,३७५ आणि कर १,१२५. बिलावर कर ५०० छापलेला. एका बिलामागे ६२५ रुपयांचा फरक, आणि तो लक्षात येणार महिना संपल्यावर, सीए विचारायला लागल्यावर.

कोड चालतो का, हा एक प्रश्न. उद्या त्यात बदल करणं किती सोपं आहे, हा वेगळा प्रश्न. दुसऱ्याला मेंटेनेबिलिटी म्हणतात. २०११ मध्ये आलेल्या आयएसओ/आयईसी २५०१० या मानकात तिला सॉफ्टवेअरच्या दर्जाचा स्वतंत्र गुण मानलं आहे, आणि त्यात कोड समजून घेणं, बदलणं, तपासणं किती सोपं हे सगळं येतं. नानांचा कोड पहिल्या प्रश्नात पास होता. दुसऱ्या प्रश्नाची परीक्षाच आठ वर्षं झाली नव्हती.

न झिजणारी वस्तू खराब का होते

मोटारपंपाचं बेअरिंग झिजतं, पाइप उन्हाने तडकतो. कोड झिजत नाही. दहा वर्षांपूर्वीची ओळ आजही अक्षरन् अक्षर तशीच असते. मग ती खराब कशाने होते? तर आजूबाजूचं जग हलतं म्हणून. महाराष्ट्रात व्हॅट आला १ एप्रिल २००५ ला, तो जाऊन जीएसटी आला, त्याचे दर बदलले, मग ई-वे बिल आलं, दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोड आला. मॅनी लेमन या संगणकतज्ज्ञाने १९७४ मध्येच हे नियम म्हणून मांडलं होतं: वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलत राहावा लागतो, नाहीतर तो हळूहळू निरुपयोगी होत जातो, आणि बदलताना मुद्दाम आवरलं नाही तर त्याचा गुंता वाढतच जातो.

या गुंत्याला "टेक्निकल डेट" म्हणायची पद्धत पडली आहे, म्हणजे तांत्रिक कर्ज. विकीची कल्पना ज्याची, त्या वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये ही उपमा वापरली. घाईत काम उरकलं की उसने पैसे घेतल्यासारखं होतं, पुढचा प्रत्येक बदल महाग पडतो, ते व्याज. आपल्याकडे पीककर्जाचं गणित घरोघरी माहीत असल्याने ही उपमा लगेच पटते. माझी तिच्याबद्दल एकच कुरकुर आहे. कर्ज माणूस सही करून घेतो, आकडा आणि मुदत माहीत असते. नानांच्या कोडमधल्या ०.०६ वर कोणीही सही केलेली नव्हती.

वास कुठून येतो

अशा जागांना प्रोग्रॅमर "कोड स्मेल" म्हणतात. हा शब्द केंट बेकने १९९० च्या दशकाच्या शेवटी रुळवला. वास आला म्हणजे वस्तू नासलीच असं नाही, पण झाकण उघडून बघावं लागतं. असे वास डझनावारी आहेत. मी इथे नानांच्या कोडमध्ये आले तेवढेच सांगते.

पहिला म्हणजे उघडा आकडा. १२ हा स्वतःबद्दल काही सांगत नाही. त्यावर उपाय सगळ्या पुस्तकांत असतो: आकड्याला नाव द्या. पण तेवढं ऐकून माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने काय केलं? त्याने वर एक ओळ लिहिली, बारा = १२, आणि खाली सगळीकडे "बारा" वापरलं. आता दर बदलल्यावर तिथे काय लिहायचं, बारा = ५? नाव आकड्याचं द्यायचं नसतं, तो आकडा तिथे ज्या कामाला बसलाय त्या कामाचं द्यायचं असतं. ठिबकचा कर, वर्षाचे महिने, लॅटरलचा व्यास. तीन नावं दिली की तीन बारा आपोआप वेगळे होतात.

नावांचाच दुसरा प्रकार जास्त फसवा. नानांच्या कोडमध्ये "रक्कम" नावाचे बरेच डबे, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, होते. कुठे त्यात कर धरलेला, कुठे न धरलेला. वाचताना प्रत्येक वेळी पंधरा ओळी मागे जाऊन बघायचं. एकक लपवणारं नाव किती महाग पडतं याचं जगातलं मोठं उदाहरण मंगळाजवळ घडलं. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर आकडे पौंड-सेकंदांत देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. आपण मंगळावर जात नाही. पण कापसाच्या वजनाचा आकडा क्विंटलमध्ये आहे की किलोमध्ये, हे नावात लिहिलं नसेल तर जिनिंगच्या काट्यावरही तोच घोटाळा होतो.

मग येतो "जर"चा गुंता. कर ठरवणारा भाग साधारण असा होता (मूळ कोड इंग्रजी शब्दांतला, इथे मराठी करून देते):

जर माल_कुठे == २७ तर
    जर वस्तू == "ठिबक" तर
        सीजीएसटी = रक्कम * ०.०६
        एसजीएसटी = रक्कम * ०.०६
    नाहीतर
        सीजीएसटी = रक्कम * ०.०९
        एसजीएसटी = रक्कम * ०.०९
नाहीतर
    जर वस्तू == "ठिबक" तर
        आयजीएसटी = रक्कम * ०.१२
    नाहीतर
        आयजीएसटी = रक्कम * ०.१८

२७ हा जीएसटीमधला महाराष्ट्राचा क्रमांक. गुजरातचा २४, मध्य प्रदेशचा २३. शिरपूरहून सेंधवा जवळ, त्यामुळे नानांचा माल मध्य प्रदेशातही जातो आणि तिकडे गेला की सीजीएसटी-एसजीएसटी जाऊन आयजीएसटी लागतो. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. असल्या मुलखात राहून राज्याचा क्रमांक कोडमध्ये जागोजागी लिहिणं म्हणजे कमाल आहे.)

वरच्या तुकड्यात तीन "जर" आहेत. थॉमस मॅककेब याने १९७६ मध्ये गुंता मोजायची एक रीत दिली: निर्णयाच्या जागा मोजा आणि एक मिळवा. इथे आले चार. याचा अर्थ हा तुकडा पूर्ण तपासायला निदान चार वेगवेगळी बिलं करून बघावी लागतील. मॅककेबने दहाच्या वर जाऊ नका असं सुचवलं होतं. वरचा तुकडा मी छाटून दाखवलाय. खरा तुकडा वस्तूंच्या प्रकारांनी, सवलतींनी आणि घाऊक-किरकोळ भेदाने फुगून तिशीपार गेला होता, आणि आत आत सरकत जाऊन ओळी पडद्याच्या उजव्या कडेला टेकल्या होत्या.

आणि हाच तुकडा तीन फाइलींत होता. बिल छापणारी, कच्चं कोटेशन देणारी आणि महिन्याचा तक्ता काढणारी. कोणीतरी कॉपी-पेस्ट केलं, मग प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं बदललं. तिन्ही आता सख्ख्या भावांसारखे दिसतात, पण एकसारखे वागत नाहीत. बिलवाला प्रत्येक ओळीला पैसे पूर्णांकात आणतो, तक्तेवाला एकदम शेवटी. दर महिन्याला हिशेबात दोन-चार रुपये का हलतात, याचं उत्तर मला तिथे मिळालं. मुनीमजी ते इतकी वर्षं "किरकोळ" या खात्यात टाकत होते.

फरदड

शेवटचा वास म्हणजे मेलेला कोड. व्हॅटचा हिशेब करणारा सगळा भाग तिथेच होता, कोणी हाक मारत नाही, कोणी काढतही नाही. मला ४१ पैकी प्रत्येक १२.५ पुढे थांबून विचारावं लागलं की हे जिवंत आहे का.

कापूसवाल्याला हे एका शब्दात कळेल: फरदड. वेचण्या झाल्या, हंगाम संपला, तरी दोन-चार बोंडं मिळतील म्हणून पाणी देऊन उभी ठेवलेली पऱ्हाटी. तिच्यावर गुलाबी बोंडअळीला खायला मिळतं, तिचं चक्र तुटत नाही आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर ती तयार होऊनच येते. २०१७ ला बोंडअळीने जो मार दिला त्यानंतर कृषी विभाग घसा कोरडा करून सांगतोय की फरदड घेऊ नका.

कोडमधल्या फरदडीने एक अख्खी कंपनी आडवी केल्याचं उदाहरण आहे. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलाल कंपनी. त्यांच्या प्रणालीत २००३ पासून न वापरलेला एक भाग तसाच पडून होता. २०१२ मध्ये नवीन सुविधा देताना त्यांनी त्या जुन्या भागाला जागं करणारी खूणच नव्या कामासाठी वापरली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवर चढला, एक राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला, खूण चालू झाली, आणि त्या आठव्या सर्व्हरवर जुना भाग उठून बसला व धडाधड ऑर्डरी सोडू लागला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. राहिलेला सर्व्हर ही माणसाची चूक, ती होतच असते. पण उठायला आत काही नसतंच तर?

काढून टाकायला लोक घाबरतात, "कधी लागलं तर?" म्हणून. जुना कोड गिटमध्ये राहतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये केलेलं हे साधन प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. आज काढलेली ओळ पाच वर्षांनी जशीच्या तशी परत आणता येते. माझ्याकडे आलं तेव्हा नानांच्या कोडची "नोंद" म्हणजे एका पेन ड्राइव्हवर "नवीन", "नवीन फायनल" आणि "फायनल आताचं" अशी तीन फोल्डरं होती. चालू कोड "नवीन"मध्ये होता.

सापळा लावणं आणि फवारणी करणं

वास नाकाने घेता येतो तसा यंत्रानेही. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने "लिंट" नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो कोड चालवत नाही, नुसता वाचतो आणि संशयास्पद जागा दाखवतो. कपड्याला चिकटलेल्या कापसाच्या तंतूंवरून ते नाव पडलं. आपल्याकडे जिनिंगमध्ये लिंट म्हणजे रुई, जिचे पैसे मिळतात. इथे लिंट म्हणजे झटकून टाकायची गोष्ट. पायलिंट, ईएसलिंट, सोनारक्यूब ही त्याचीच पुढची पिढी. लांबलेले तुकडे, वाढलेला गुंता, कॉपी झालेल्या ओळी, न वापरलेले भाग, सगळं ती मोजून देतात.

नानांच्या कोडवर असं साधन चालवलं आणि शेकडो इशारे आले. नवखा माणूस इथे दोन चुकांपैकी एक करतो: घाबरून साधन बंद करतो, नाहीतर पहिल्या इशाऱ्यापासून एकेक दुरुस्त करायला बसतो. बोंडअळीचे कामगंध सापळे लावणारा शेतकरी यापेक्षा शहाणा असतो. सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून तो पंप पाठीवर घेत नाही. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले, किंवा फुलं-बोंडं दहा टक्क्यांपर्यंत किडली, की मग फवारणी. तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात: त्याखाली फवारणीचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त.

कोडची नुकसानीची पातळी कशी ठरवायची? यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती रीत अगदी साधी आहे. गिटला विचारायचं की गेल्या काही वर्षांत कुठल्या फाइली सगळ्यात जास्त वेळा बदलल्या. मग त्यातल्या कुठल्या गुंत्याच्या आहेत ते बघायचं. दोन्ही याद्यांत येणाऱ्या फाइली म्हणजे तुमचं किडलेलं शेत. गुंता आहे पण सहा वर्षांत कोणी हात लावला नाही, अशी फाइल राहू द्या. नानांच्या कोडमध्ये जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठीची एक फाइल आहे, वाचवत नाही इतकी वाईट. ती मी उघडून बघितली, बंद केली, आणि तिच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करते. आजही मुकाट छापते बिचारी.

गिट आणखी एक गोष्ट सांगतं, जी लिंट सांगू शकत नाही: कुठल्या फाइली नेहमी एकाच दिवशी बदलतात. माझ्या नोंदींत बिलाची आणि तक्त्याची फाइल जोडीने बदलत आली होती. आणि ज्या दिवशी एकच बदलली, त्यानंतर आठवड्याभरात दुसरीची दुरुस्ती. तिथे कॉपी लपली आहे, हे ओळी न वाचताही कळतं.

साधनं नसली तरी माणसं असतात. मुनीमजींना मी विचारलं, कुठल्या पडद्याला हात लावला की भीती वाटते? ते लगेच म्हणाले, "माल परतीचा." तो पडदा माझ्या यादीत तिसरा होता.

आधी जसं आहे तसं बांधून ठेवा

आता दुरुस्ती. पहिले दोन दिवस मी कराचा दर बदललाच नाही. नानांना हे सांगितलं असतं तर त्यांनी फोन ठेवला असता.

पहिल्या दिवशी नानांच्या जुन्या बिलांमधून साठ बिलं काढली. महाराष्ट्रातली, मध्य प्रदेशातली, ठिबकची, पाइपांची, सवलतीची, परतीची. प्रत्येकाचा माल आणि रकमा प्रोग्रॅमला पुन्हा दिल्या आणि जे उत्तर आलं ते पैशापर्यंत जसंच्या तसं लिहून ठेवलं. बरोबर की चूक हा विचार केला नाही. ते दोन-चार रुपयांचं हलणंसुद्धा लिहून ठेवलं. मायकल फेदर्स याने अशा चाचण्यांना "कॅरेक्टरायझेशन टेस्ट" हे नाव दिलं. विहिरीचा गाळ काढताना पाण्याच्या पातळीची खूण मारून ठेवतात, तसं. मग कोडमध्ये काहीही हलवलं की एका आज्ञेत साठही बिलं परत काढायची. एक पैसा हलला तरी कळतं.

दुसऱ्या दिवशी कोडची मांडणी बदलली, वागणूक नाही. हे दोन वेगळे ठेवणं हीच या कामातली खरी शिस्त आहे आणि तीच सगळ्यात आधी मोडते, कारण काम करता करता चूक दिसते आणि हात शिवशिवतो. पैसे पूर्णांकात आणायची चूक मला दिसत होती. मी ती कागदावर लिहिली आणि पुढे गेले. दोन्ही एकदम केलं असतं आणि चाचणी लाल झाली असती, म्हणजे नापास, तर दोष मांडणीचा की दुरुस्तीचा हे शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

पावलं इतकी लहान की सांगायला लाज वाटावी. एका डब्याचं नाव "रक्कम" वरून "करासकट_रक्कम" केलं, साठ बिलं काढली. २७ ला महाराष्ट्र हे नाव दिलं, साठ बिलं काढली. कर काढणाऱ्या ओळी उचलून एका वेगळ्या तुकड्यात नेल्या, साठ बिलं काढली. मग कोटेशनला तो तुकडा वापरायला लावला, मग तक्त्याला. तक्त्यापाशी सहा बिलं बिघडली, कारण तिथला भाऊ वेगळं वागत होता. त्याचं वेगळेपण तात्पुरतं तसंच ठेवलं.

इथे एक सावधगिरी. एकसारखं दिसतं ते सगळं एकत्र करायचं नसतं. सीजीएसटीचा हिशेब आणि दलालीचा हिशेब दोन्ही "रक्कम गुणिले दर"च दिसतात. पण एक बदलतं जीएसटी परिषदेच्या निर्णयाने आणि दुसरं नानांच्या मर्जीने. बदलायचं कारण एक असेल तरच एकत्र आणावं. नुसत्या तोंडवळ्यावरून सोयरीक जुळवली की ती पुढे मोडायला जास्त त्रास होतो.

संध्याकाळपर्यंत कराचा भाग असा झाला:

दर = कराचा_दर(वस्तू, मूळ_बिलाची_तारीख)
कर = कराविना_रक्कम * दर / १००
जर माल_कुठे == महाराष्ट्र तर
    सीजीएसटी = कर / २
    एसजीएसटी = कर / २
नाहीतर
    आयजीएसटी = कर

आणि दर कोडमधून बाहेर काढून एका तक्त्यात ठेवले. ठिबकच्या ओळी तीन: १ जुलै २०१७ पासून १८, २५ जानेवारी २०१८ पासून १२, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. यातली तिसरी ओळ मी तिसऱ्या दिवशी सकाळी घातली. नाना म्हणत होते ते पाच मिनिटांचं काम ते. खरं तर दोन मिनिटांचंच. उरलेल्या दिवसात व्हॅटचा भाग उपटून टाकला आणि पैशांच्या पूर्णांकाची चूक वेगळी दुरुस्त केली, मुनीमजींना सांगून.

तारीख का लागते हे पुढे येईलच.

सगळंच नव्याने लिहू या?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि बहुतेक वेळा विचारणारा तरुण असतो. मीही विचारत असे. जुना कोड वाचण्यापेक्षा नवा लिहिणं सोपं वाटतं, कारण वाचताना दुसऱ्याचा गोंधळ दिसतो आणि लिहिताना आपला दिसत नाही. पण जुन्या कोडच्या प्रत्येक वेड्यावाकड्या ओळीमागे कधीतरी कोणाचातरी फोन आलेला असतो. नानांच्या कोडमध्ये एक ओळ होती, बिलाच्या शेवटी विनाकारण दोन ओळी मोकळ्या सोडणारी. मी ती काढणारच होते. मुनीमजींनी सांगितलं, त्या जागेवर अनुदानाच्या कागदांसाठी शिक्का मारावा लागतो. असं ज्ञान कुठल्याही कागदावर नसतं, फक्त त्या ओळीत असतं. नव्याने लिहिताना ते सगळं पुन्हा फोन येऊनच कळतं.

फारच वाईट परिस्थिती असेल तर मधला मार्ग आहे. मार्टिन फाउलरने २००४ मध्ये त्याला झाडाला वेढून वाढणाऱ्या वडाच्या जातीच्या वेलीवरून "स्ट्रँगलर" असं नाव दिलं. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या दगडांत उगवलेला पिंपळ बघा: विहीर चालूच असते, पिंपळ एकेक दगड आपल्या मुळांत घेत जातो. एकेक काम नव्या कोडकडे वळवत जायचं, जुनं आपोआप रिकामं होतं. नानांच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

दिवाळीच्या आधी मुनीमजींचा फोन आला. घाबरलेले.

"ताई, दर परत बारा दाखवतंय. तुम्ही केलेलं सगळं गेलं वाटतं."

"कुठल्या पडद्यावर?"

"माल परतीच्या. दोन बंडल लॅटरल परत आली."

"ती कधीच्या बिलातली?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "२८ ऑगस्ट."

विकताना जो कर घेतला त्याच दराने तो परत द्यायचा असतो, म्हणून परतीची नोंद मूळ बिलाच्या तारखेवर चालते. मी म्हटलं, "मग बाराच बरोबर आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मागून नानांचा आवाज, "बारा का पाच, एक काय ते सांग ना ताई!"